सोसायट्यांचे संगणक तपासणारी माणसे आपल्याच भागात तयार व्हावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आपल्या भागातील पतसंस्था, सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या सौहार्द कायद्याखाली चालणाऱ्या सहकारी संस्था) आणि अर्बन बँका यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात एकेका घरात तीन-चार संस्थांचे अहवाल येतात, कारण इथे वडिलांचे शेअर्स एका सोसायटीत, आईची पिग्मी दुसरीत आणि मुलाच्या दुकानाचे कर्ज तिसरीत असते. मी यंदा असे सात अहवाल मिळवून शेवटच्या पानापर्यंत वाचले. ठेवी किती वाढल्या, लाभांश किती टक्के, लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला, हे प्रत्येकात ठळक अक्षरांत आहे. हे सगळे आकडे ज्या संगणकात राहतात त्या संगणकाची तपासणी कोणी केली, केव्हा केली आणि तीत काय आढळले, याबद्दल मात्र सातपैकी एकाच अहवालात एक ओळ सापडली : ‘संस्थेचे सिस्टीम ऑडिट करून घेण्यात आले आहे.’ कोणाकडून, कोणत्या पात्रतेच्या माणसाकडून, किती दिवसांत, यांतले काहीच त्या ओळीत नव्हते. हे पत्र त्या ओळीविषयी आहे.

मी एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागात बत्तीस वर्षे नोकरी केली. खतावण्या, डे-बुक, व्हाउचर आणि कॅश स्क्रोल यांतच माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर शहरातील एका पतसंस्थेने मला लेखापरीक्षण उपसमितीवर घेतले. संस्थेचे नाव सांगण्याची गरज नाही. तिथे जे उघडकीस आले ते तिच्या संचालकांनी स्वतः होऊन तपासणी करवून घेतली म्हणून आले, आणि जिथे तपासणीच होत नाही तिथे ते तसेच दडून राहिलेले असू शकते.

तीन वर्षांपूर्वी या संस्थेच्या अध्यक्षांनी आग्रह धरून सिस्टीम ऑडिट करवून घ्यायचे ठरवले, आणि पुण्याच्या एका फर्मकडून एक मुलगी आली. मूळची खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, बेळगावात बी. कॉम. झालेली आणि पुढे सीआयएसए ही संगणक प्रणालींच्या लेखापरीक्षकांची परीक्षा उत्तीर्ण झालेली. मी तिच्यासाठी व्हाउचरच्या फायली काढून ठेवल्या होत्या. तिने त्यांना हात लावला नाही. ती म्हणाली, ‘सर, संध्याकाळी पिग्मीचं मशीन कोण उतरवून घेतं, ते मला बघायचंय.’

पिग्मी म्हणजे काय हे बेळगावकरांना सांगावे लागत नाही. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही रोजच्या बचतीची पद्धत आपल्याकडे इतकी रुजली आहे की हातगाडीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या दारात एजंट जातो. पूर्वी त्याच्या हातात कार्ड असे, आता छोटे मशीन असते. त्या संध्याकाळी साडेसहाला एजंट आला, मशीन केबलने संगणकाला जोडले गेले आणि दिवसभराच्या वसुलीची फाईल पडद्यावर उतरली. क्लार्क ती नेहमीप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये चढवणार तोच त्या मुलीने त्याला थांबवले, फाईलची एक प्रत घेतली आणि ती नोटपॅडमध्ये उघडली. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, असे साध्या अक्षरांत ओळीखाली ओळ. तिने एका ओळीतल्या १०० चे १० केले, फाईल सेव्ह केली आणि चाचणीसाठी मांडलेल्या वेगळ्या संगणकावर ती चढवली. सॉफ्टवेअरने काहीही हरकत घेतली नाही. खात्यात दहा रुपये जमा झाले.

मी बत्तीस वर्षे पिग्मीचा हिशेब तपासला, तो असा : एजंटने भरलेली रोकड आणि यादीची बेरीज जुळते की नाही. यादीतलीच रक्कम कमी केली आणि तेवढीच रोकड भरली, तर दोन्ही बाजू जुळणारच, हे त्या संध्याकाळपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. मी ज्याला तपासणी समजत होतो ती एका टप्प्यानंतरच्या आकड्यांची तपासणी होती; त्या आधीच्या टप्प्यावर, मशीन आणि संगणक यांच्या मधल्या दोन मिनिटांत, दार सताड उघडे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो. गणपत गल्लीत भाजी विकणाऱ्या एका बाईंना तिने विचारले, ‘मावशी, पिग्मीच्या पावत्या ठेवल्या आहेत काय?’ मावशींनी पाटीखालून स्टीलचा डबा काढून दिला. त्यात घड्या घातलेल्या पावत्यांचा गठ्ठा होता. निम्म्याहून अधिक पावत्या कोऱ्या झाल्या होत्या, कारण थर्मल कागदावरची छपाई ऊन आणि उब लागली की काही महिन्यांत उडून जाते. वाचता येण्याजोग्या एकोणीस निघाल्या आणि त्यांतल्या चार पावत्यांवरची रक्कम खात्यात जमा झालेल्या रकमेपेक्षा जास्त होती. पुढे त्या एजंटच्या सर्व खात्यांची पडताळणी झाली, त्याला काढून टाकण्यात आले आणि ठेवीदारांचे पैसे संस्थेने भरून दिले. रक्कम मोठी नव्हती. पण मावशींचा तो डबा मला आजही आठवतो. इतक्या विश्वासाने जपलेला पुरावा आपोआप पुसला जात होता आणि आमच्या वह्यांत सगळे जुळत होते.

संस्थेने त्यानंतर केलेले बदल फार खर्चाचे नव्हते. वसुलीची नोंद आता मशीनमधल्या सिमवरून थेट सर्व्हरला जाते, ठेवीदाराच्या मोबाईलवर त्याच क्षणी संदेश येतो, आणि यादी जुळवणारा माणूस व मशीनची व्यवस्था पाहणारा माणूस वेगवेगळा आहे. हे सुचवायला फार मोठा तंत्रज्ञ लागत नाही. आकडा कुठे जन्मतो, कुठून कुठे जातो आणि वाटेत त्याला कोणाचा हात लागू शकतो, हे शोधण्याची सवय लागलेला माणूस मात्र लागतो. माहिती प्रणालीचे लेखापरीक्षण म्हणतात ते हेच. ताळेबंद बरोबर आहे का, हे आर्थिक लेखापरीक्षक पाहतो. तो ताळेबंद तयार करणाऱ्या यंत्रणेवर विश्वास ठेवता येईल का, हे माहिती प्रणाली लेखापरीक्षक पाहतो.

या व्यवसायाचा उगमही अशाच अनुभवातून झाला. अमेरिकेत १९६० च्या दशकात कंपन्यांचे हिशेब संगणकावर जाऊ लागले, तेव्हा त्या संगणकांची तपासणी करणाऱ्या काही मंडळींनी १९६९ साली एक संघटना स्थापन केली. तीच आज इसाका या नावाने ओळखली जाते. पुढे १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या इक्विटी फंडिंग या विमा व्यवसायातील कंपनीचा घोटाळा बाहेर आला. कंपनीने संगणकात साठ हजारांहून अधिक खोट्या विमा पॉलिसी तयार करून ठेवल्या होत्या. लेखापरीक्षक कंपनीने छापून दिलेल्या याद्या तपासत होते, आणि याद्या व्यवस्थित होत्या. या धक्क्यानंतर संगणकाच्या लेखापरीक्षणाला स्वतंत्र विद्या म्हणून मान मिळू लागला. इसाकाने १९७८ साली सर्टिफाईड इन्फर्मेशन सिस्टीम्स ऑडिटर, म्हणजे सीआयएसए, हे प्रमाणपत्र सुरू केले आणि १९८१ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली.

हे दूरदेशीचे आणि जुने आहे असे कोणी म्हणू नये. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदारांना स्वतःच्या खात्यातून हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येईनात. एका बांधकाम समूहाची ४४ मोठी कर्जखाती लपवण्यासाठी तिथे २१,०४९ बनावट कर्जखात्यांची यादी पुढे केली गेली होती. इक्विटी फंडिंगच्या प्रकरणाशी त्याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. दिलेली यादी न स्वीकारता मूळ प्रणालीतून स्वतः यादी काढून घ्यायची आणि मग दोन्ही पडताळायच्या, हा या विद्येचा पहिला धडा आहे. त्याच्या आधीच्या वर्षी, ११ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी करून चोरट्यांनी २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढले, दोन दिवसांनी परदेशी रक्कम पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतूनही रक्कम वळवली, आणि एकूण नुकसान ९४ कोटींच्या घरात गेले. देशात जिथे जिथे पैसे काढले गेले त्यांत आपले शेजारचे कोल्हापूरही होते. मोठ्या, जुन्या आणि नावाजलेल्या संस्थांच्या बाबतीत हे घडू शकते, तर एक संगणक, एक राउटर आणि फोनवर सल्ला देणारा विक्रेता एवढ्यावर चालणाऱ्या आपल्या लहान संस्थांची स्थिती काय असेल, याचा विचार संचालकांनी गांभीर्याने करायला हवा.

रिझर्व्ह बँकेने तो विचार केला आहे. एप्रिल २०११ मध्ये गोपालकृष्ण समितीच्या अहवालावरून व्यापारी बँकांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, माहिती प्रणाली लेखापरीक्षकाकडे सीआयएसए किंवा सनदी लेखापालांच्या संस्थेचा याच विषयातला डीआयएसए हा अभ्यासक्रम यांसारखी पात्रता आणि प्रत्यक्ष अनुभव असावा, असे स्पष्ट म्हटले होते. नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर ठरवून अधिक सविस्तर चौकट आली. म्हणजे अर्बन बँकांना काही शिस्त लागली आहे. आपल्या भागात मात्र अर्बन बँकांपेक्षा पतसंस्था आणि सौहार्द संस्था कितीतरी अधिक आहेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या या चौकटीत येत नाहीत; त्या राज्याच्या सहकारी कायद्याखाली किंवा १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली चालतात. त्यांच्या ठेवींना बँकेच्या ठेवींसारखे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही नाही. जिथे पाठीशी विमा नाही तिथे तपासणी अधिक कडक असावी, हे साध्या व्यवहारज्ञानाने कळते, आणि नेमके तिथेच ती सर्वांत ढिली आहे. त्यातच केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केल्यामुळे गावोगावच्या या पतसंस्थाही (पीकेपीएस) संगणकावर येत आहेत. काल-परवापर्यंत लाल कापडात बांधलेल्या कीर्दी ठेवणाऱ्या सचिवांच्या हाती पासवर्ड आले आहेत.

आता सीआयएसएच्या परीक्षेविषयी. या परीक्षेबद्दल आपल्या मुलांमध्ये आणि पालकांमध्ये जे गैरसमज मला दिसतात त्यांनीच मला हे पत्र लिहायला भाग पाडले. कोणी म्हणतो ही फक्त संगणक अभियंत्यांसाठी आहे, कोणी म्हणतो फक्त सनदी लेखापालांसाठी आहे. दोन्ही खरे नाही. डीआयएसए हा अभ्यासक्रम सनदी लेखापालांसाठी आहे; सीआयएसएची परीक्षा मात्र कोणालाही देता येते, अगदी अनुभव नसतानाही. परीक्षा संगणकावर होते, १५० बहुपर्यायी प्रश्न आणि चार तास. गुण २०० ते ८०० या मापावर दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४५० लागतात. हे ४५० म्हणजे टक्केवारी नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात लेखापरीक्षणाची प्रक्रिया आणि माहिती तंत्रज्ञानाचा कारभार यांना प्रत्येकी १८ टक्के, नव्या प्रणालींची खरेदी व उभारणी यांना १२ टक्के, तर दैनंदिन कामकाज व आपत्तीत टिकून राहणे आणि माहितीचे संरक्षण या दोन विभागांना प्रत्येकी २६ टक्के वजन आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिले दोन विभाग ओळखीचे वाटतात, अभियांत्रिकीच्या मुलांना शेवटचे दोन. दोघांनाही दुसऱ्याच्या अंगणात जाऊन शिकावे लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रश्न इंग्रजीत असतात आणि पुष्कळदा चारही पर्याय बरोबर वाटतात. प्रश्नातल्या ‘सर्वप्रथम’, ‘सर्वांत योग्य’, ‘मुख्यतः’ अशा एकेका शब्दावर उत्तर अवलंबून असते. मी माझ्या ओळखीच्या मुलांना विचारतो तो प्रश्न इथे देतो. तपासणीत असे आढळले की गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचा युजर आयडी अजून चालू आहे. लेखापरीक्षकाने सर्वप्रथम काय करावे? आयडी लगेच बंद करावा, व्यवस्थापकाला कळवावे, निवृत्तीनंतर त्या आयडीवरून काही नोंदी झाल्या का ते पाहावे, की धोरण बदलण्याची शिफारस करावी? बहुतेक मुले आयडी बंद करायला धावतात. लेखापरीक्षकाचे काम आधी वस्तुस्थिती आणि पुरावा पाहण्याचे आहे; आयडी बंद करणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. आणि त्या आयडीवरून खरोखरच नोंदी झाल्या असतील, तर तो एक प्रशासकीय विसर राहत नाही, सगळ्या तपासणीची दिशाच बदलते. घोकंपट्टीने हे येत नाही. ज्याने एखाद्या शाखेत बसून संध्याकाळचा हिशेब जुळताना पाहिला आहे, त्याला ते पटकन उमगते.

उत्तीर्ण झाल्यावरही प्रमाणपत्र हाती पडत नाही. माहिती प्रणालीचे लेखापरीक्षण, नियंत्रण किंवा सुरक्षा यांतला पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. शिक्षण किंवा इतर संबंधित अनुभवाच्या आधारे त्यात जास्तीत जास्त तीन वर्षांची सूट मिळते, आणि उत्तीर्ण झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर आचारसंहिता पाळावी लागते, दरवर्षी शुल्क भरावे लागते आणि तीन वर्षांत १२० तासांचे, पण कोणत्याही वर्षी २० तासांपेक्षा कमी नाही असे, पुढचे शिक्षण घ्यावे लागते. परीक्षेचे शुल्क इसाकाच्या सभासदांना ५७५ आणि इतरांना ७६० डॉलर आहे. म्हणजे आजच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या पुढेच. पुस्तके आणि सरावाचे प्रश्नसंच वेगळे. वडगावच्या विणकराच्या किंवा येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या घरात हा आकडा ऐकला की विषय तिथेच थांबतो, हे मी पाहिले आहे.

म्हणून माझे संस्थांना सांगणे आहे की या मुलांना तुमची जितकी गरज आहे, तितकीच तुम्हालाही त्यांची गरज आहे. अनुभव मिळायचा तर तो कुठेतरी प्रत्यक्ष काम करूनच मिळणार. एकट्या लहान संस्थेला माणूस ठेवणे परवडणार नाही, पण एकाच तालुक्यातल्या आठ-दहा संस्थांनी एकत्र येऊन एखाद्या प्रमाणित लेखापरीक्षकाच्या हाताखाली दोन होतकरू पदवीधरांना वर्षभर काम दिले, त्यांच्या परीक्षेच्या शुल्काचा निम्मा भार नफावाटणीतून उचलला आणि पुढे काही वर्षे याच संस्थांसाठी काम करण्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले, तर कोणाचेच नुकसान नाही. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी सोसायट्यांपैकी एक १९०५ साली आजच्या गदग जिल्ह्यातल्या कणगिनहाळ येथे निघाली. एकट्याला न परवडणारी गोष्ट दहा जणांनी मिळून करायची, हे या मातीला नवीन नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, वाणिज्य आणि अभियांत्रिकीची जुनी महाविद्यालये आहेत. इसाकाच्या शाखा मुंबई, पुणे आणि बेंगळुरू येथे आहेत आणि आपण या तिन्हींच्या मधोमध आहोत. तरीही संगणक तपासायचा झाला की माणूस बाहेरून येतो, दोन दिवस लॉजमध्ये राहतो आणि तिसऱ्या दिवशी अहवाल देऊन जातो.

स्थानिक माणूस हवा, असे मी म्हणतो त्यामागे भाषेचे कारण आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या संस्थांचे पोटनियम आणि सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, सॉफ्टवेअर इंग्रजीत आणि काउंटरवरचे बोलणे बहुतांशी मराठीत. लेखापरीक्षणातली निम्मी माहिती कागदांतून मिळते आणि निम्मी माणसांच्या बोलण्यातून. त्याच संस्थेत आधीच्या एका वर्षी बाहेरून आलेल्या तपासनिसाने इंग्रजीत छापील प्रश्नावली दिली होती. ‘नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगवेगळा आहे का?’ या प्रश्नापुढे क्लार्कने ‘होय’ लिहिले आणि तपासनिसाने त्यावर बरोबरची खूण केली. खानापूरच्या मुलीने त्याच क्लार्कशी चहा घेताना बोलणे काढले, तेव्हा तो सहज म्हणाला, ‘मॅडम, सायबांचा पासवर्ड माझ्याजवळच असतोय. ते वसुलीला बाहेर गेले की एंट्री कोण पास करणार?’ त्याच्या मनात काही पाप नव्हते. काम अडू नये एवढीच त्याची इच्छा होती. पण हे वाक्य कोणत्याही प्रश्नावलीच्या रकान्यात कधीच उतरले नसते. कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा सहज वापरणारी हजारो मुले आपल्या सीमाभागात आहेत. भाषेच्या प्रश्नाने आपल्याला पुष्कळ त्रास दिला आहे. या व्यवसायात मात्र त्याच तीन भाषा आपल्या मुलांचे बळ ठरतील.

संचालकांना एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. प्रमाणपत्र म्हणजे चांगल्या कामाची हमी नव्हे. प्रमाणपत्रधारक माणसाचे नाव लावून नवख्या मुलांकडून अर्ध्या दिवसात तपासणी उरकून घेतल्याचेही मी पाहिले आहे, आणि त्या अहवालात दुसऱ्याच संस्थेचे नाव एका पानावर तसेच राहून गेले होते. त्यामुळे ज्याच्या नावावर काम दिले तो स्वतः किती दिवस येणार, हे आधी लिहून घ्यावे. त्याचे प्रमाणपत्र आज चालू आहे की त्याची मुदत संपली आहे, याची खातरजमा करावी. ज्या विक्रेत्याने सॉफ्टवेअर दिले त्याच्याच माणसाकडून किंवा त्याच्या भागीदार फर्मकडून तपासणी करवून घेणे तर पूर्ण चूक आहे, आणि ते आपल्याकडे सर्रास चालते. पुष्कळ ठिकाणी विक्रेत्याकडे सर्वोच्च अधिकाराचा पासवर्ड कायमचा असतो आणि तो रात्री-अपरात्री दुरून संगणकात येऊ शकतो. तो केव्हा आला आणि काय करून गेला, याची नोंद संस्थेकडे नसते. मग त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?

बॅकअपचेही तसेच आहे. रोजच्या बॅकअपच्या वहीवर सह्या असतात, पण तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून खाती खरोखर उघडतात का, हे कोणी करून पाहत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या जिल्ह्याने काय भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या पावसात माझ्या माहितीतल्या एका संस्थेच्या तळमजल्यात पाणी शिरले. सर्व्हर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच कपाटात, एकाच फळीवर होती. फळी वरची होती म्हणून निभावले.

सभासदांनी या वर्षीच्या सभेत अध्यक्षांना फक्त एवढे विचारावे : आपल्या संस्थेचे सिस्टीम ऑडिट कोणी केले, त्याची पात्रता काय, त्याने किती त्रुटी दाखवल्या आणि त्यांतल्या किती दुरुस्त झाल्या. सुरक्षेच्या कारणास्तव पूर्ण अहवाल छापता येणार नाही, हे मला मान्य आहे आणि तो छापूही नये. पण हे चार तपशील सांगायला काही धोका नाही. प्रामाणिक संचालक मंडळ त्याचे स्वागतच करील, कारण उद्या काही विपरीत घडले तर जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच येणार आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी की दहावी-बारावीच्या निकालानंतर जी करिअर मार्गदर्शनाची पाने निघतात, त्यांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या बरोबरीने या व्यवसायालाही जागा द्यावी, आणि या परीक्षेत वारंवार येणाऱ्या संज्ञांचा अर्थ मराठीत उलगडून सांगणारे छोटे सदर आठवड्यातून एकदा चालवता आले तर पाहावे. त्यासाठी लागेल ती मदत मी विनामूल्य करीन. खानापूरच्या त्या मुलीने अभ्यासाची तिची जुनी पुस्तके आणि पेन्सिलने खुणा केलेले सरावाचे प्रश्न माझ्याकडे ठेवले आहेत. दोन मुले ती सध्या वाचत आहेत, एक अनगोळचा आणि एक नंदगडची. त्यांचे वाचून झाले की पुस्तके मोकळी होतील. ज्या कोणाला हवी असतील त्याने आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवावी. माझा पत्ता मी संपादकांकडे दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त बँक तपासणी अधिकारी,
टिळकवाडी, बेळगाव